सीटबेल्ट एकमताने मंजूर

वाचनालयाच्या दारात गाडी थांबली आणि आपण अडकलोय हे मास्तरीणबाईंच्या लक्षात आलं. सीटबेल्टच्या खटक्यात शालीचा कोपरा असा घुसला होता, की बटण कितीही दाबलं तरी पट्टा सुटायचं नाव घेईना.

आत सभागृह खचाखच भरलं होतं. वादाचा विषय, 'सीटबेल्टची सक्ती हवी की नको?' 'हवी' म्हणणाऱ्या बाई आणि 'नको' म्हणणारे त्यांचे सख्खे दीर, वकीलभाऊजी. आजवरच्या प्रत्येक वादात या दिरांनी आकडेवारी फेकून वहिनींना चारी मुंड्या चीत केलं होतं. आज काही झालं तरी हरायचं नाही, असा बाईंनी चंगच बांधला होता. शालही त्यासाठीच नवी घेतली होती.

"कात्री आणू का? पट्टा कापून टाकू," यजमान म्हणाले.

"शुद्धीवर आहात ना? मी पट्ट्याची बाजू मांडायची आणि तुम्ही तोच कापायचा?"

"मग शाल कापतो."

"हात तर लावून बघा!"

यजमान मदत मागायला आत गेले. बाहेर आले ते वकीलभाऊजी, त्यांच्यामागे अध्यक्ष आणि अध्यक्षांमागे अख्खी सभा.

"बघा मंडळी! मी काय म्हणत होतो? माणूस अडकतो!" भाऊजींना आयतं कोलीत मिळालं. लोक खो खो हसले. बाईंना रडूच यायचं बाकी होतं. तोंड उघडण्याआधीच त्यांचा पुरावा फितूर झाला होता.

"वाद इथेच होऊ द्या," अध्यक्ष म्हणाले. "वकीलसाहेब, तुम्हीही गाडीत बसा. दोघांना सारखीच जागा."

भाऊजी स्टिअरिंगपाशी बसले. पट्टा अर्थातच लावला नाही.

"आकडे काय सांगतात? अपघातात सापडलेल्यांपैकी निम्म्यांनी पट्टा लावलाच होता. टळला का अपघात?"

"भाऊजी, त्या सगळ्यांच्या पायात चपलाही होत्या. उद्यापासून अनवाणी फिरा."

आता हशा बाईंच्या बाजूने उसळला आणि भाऊजी तडकले. तडकले की हाताशी येईल ते धरून बोलायची त्यांना खोड. कोर्टात टेबल असतं, इथे हँडब्रेक होता.

"माणसाला बांधून ठेवायचं नसतं! असं मोकळं सोडायचं असतं!" म्हणत त्यांनी तो खाली सोडला.

आवार उतरतं होतं. गाडी निघाली. भाऊजींनी जन्मात कधी गाडी चालवली नव्हती.

"वहिनी, थांबवा हो!"

"मला बांधलंय, भाऊजी!"

गाडी फाटकाजवळच्या कचराकुंडीवर आदळली आणि हॉर्न वाजला. तो भाऊजींनी कपाळाने वाजवला होता.

सभा धावत आली. बाईंचा चष्मासुद्धा घसरला नव्हता. भाऊजींच्या कपाळावर मात्र लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. कुणीतरी रुमालात बर्फ बांधून त्यांच्या हातात दिला.

"बाई, भाषण पुरं करायचंय?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझं झालं," बाई म्हणाल्या. इतकं छोटं आणि इतकं जोरदार भाषण त्यांनी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं.

"मग सक्ती हवी म्हणणाऱ्यांनी हात वर करा!"

झाडून सगळे हात वर गेले. भाऊजींचाही वरच होता, कपाळावर बर्फ धरलेला.

"भाऊजी, हात खाली घ्या, नाहीतर मोजतील," बाई कुजबुजल्या. काही झालं तरी दीर सख्खा होता.

भाऊजींनी हात खाली घेतला. कपाळातून अशी कळ आली, की तो झटक्यात पुन्हा वर गेला.

"एकमताने मंजूर!" अध्यक्ष गरजले.

टाळ्यांच्या कडकडाटात यजमान कात्री घेऊन धापा टाकत पोहोचले. "आता तरी सांग, काय कापू?"

"कापा ती शाल," बाई खुशीत म्हणाल्या. "आणि घरी जाताना भाऊजींना सोबत घ्या. त्यांचा पट्टा मी माझ्या हाताने लावणार आहे."