जिजीच्या मशीनचं दार

सुरतेत असं एक कुलूप नाही जे मी उघडू शकत नाही. फक्त चावी पाहिजे, आणि ती कुठल्या बाजूनं फिरवायची ते सांगायला शेजारी कुणीतरी उभं पाहिजे.

मी तिसरीत शाळा सोडली. मास्तरांचं म्हणणं, शाळेनंच मला सोडलं. सुरतेजवळच्या सचिन गावी साड्यांच्या एका कारखान्यात मी मशिनींना तेल घालतो. स्वतःला मेकॅनिक म्हणवतो. बाकीचे नुसतं "ए तेल!" म्हणून हाक मारतात.

जिजी त्याच कारखान्यात साड्यांच्या घड्या घालणाऱ्या बायांमधली सगळ्यात मोठी. शिरपूरकडची. गळ्यात काळा दोरा, दोऱ्याला एक गोल चावी. तिला काहीही सांगा, ती आधी विचारणार, "कसाले?" आमच्या खानदेशात 'कशाला'ला 'कसाले' म्हणतात. शेठनं दिवाळीला मिठाईचा डबा पुढं केला तरी तिनं "कसाले?" विचारलं, मग घेतला. शेठ गुजराती माणूस. त्यालाही आता सवय झालीय. जिजी दिसली की तो लांबूनच कशासाठी आलोय ते सांगून टाकतो.

ती चावी मशीनची. बायांच्या मोरीकडं जायच्या बोळात माणसापेक्षा उंच लोखंडी मशीन उभं आहे. पाच रुपयांचं नाणं टाकायचं, दांडी फिरवायची, की खालून पॅडचं पाकीट पडतं. शेठनं ते कुठूनतरी जुनं आणलं. आधी त्यात वेफर मिळायचे, आणि दारावरचं वेफरचं चित्र कुणी पुसलंच नाही. पहिल्याच दिवशी मी ऐटीत नाणं टाकलं. पाकीट हातात आलं. हलकं लागलं, तरी मी फोडलं. सगळ्या बाया बघत होत्या. जिजी म्हणाली, "मीठ पाहिजे का रे, भो?" महिनाभर मी त्या बोळातून तोंड वर करून गेलो नाही.

त्या मशीनचं कुलूप साध्या कुलुपासारखं नाही. दारातच एक मूठ बसवलेली, दाराच्या पत्र्याबरोबर सपाट. मुठीच्या मधोमध गोल भोक. चावी म्हणजे नळीचा तुकडा, तिच्या कडेला खाचा. ती भोकात घालून फिरवली की मूठ टणकन बाहेर उडी मारते. तेवढ्यानं दार उघडत नाही. मुठीच्या मागं लांब स्क्रू असतो, तो आतल्या नटात रुतलेला. मूठ गरागरा फिरवत राहायची, तेव्हा दार जरा जरा सुटतं. कुणी पहारीनं उचकटायला गेलं तरी दार स्क्रूनं आवळलेलं, फट सापडत नाही. बंद करताना उलटं फिरवून आवळायचं आणि मूठ आत दाबायची. टक. झालं बंद. बंद करायला चावी लागतच नाही. माझ्यासारख्या माणसाच्या हातात देण्यासारखी ही गोष्ट नव्हे.

पाकिटं आठवड्यातून एकदा भरली तरी पुरतात. जिजी मशीन रोज उघडायची. मुकादम मुकेशभाईला हे खुपायचं. "रोज शुं भरे छे?" रोज काय भरते, असं तो मला विचारायचा. मलाही माहीत नव्हतं.

एकदा वरच्या पंख्याला तेल घालायला शिडीवर चढलो आणि वरून दिसलं. ते उंच दार उघडलं की भिंत आणि दार यांच्यामध्ये एक कोपरा तयार होतो. हॉलमधून आतलं काही दिसत नाही. त्या कोपऱ्यात नंदुरबारची एक नवी लग्न झालेली पोरगी उभी होती. ओठ सुजलेला. तोंडात पदर कोंबून रडत होती. जिजीचा एक हात तिच्या डोक्यावर. दुसऱ्या हातानं जिजी पाकिटं काढत होती आणि परत तिथंच ठेवत होती. हॉलमधल्यांना कामाचा आवाज यावा म्हणून. मी शिडीवर तेलाचा थेंबही सांडू दिला नाही. माझ्या नोकरीत असं पहिल्यांदाच झालं.

मग एका दुपारी मुकेशभाई हॉलमधून तरातरा बोळाकडं निघाला. "आजपासून चावी ऑफिसात राहणार," असं ओरडतच. दार उघडं, जिजी दाराआड, तिच्याजवळ कुणीतरी पोरगी. मी धावलो. पोरीला मोरीकडं पिटाळलं, दार लोटलं, मूठ फिरवून फिरवून आवळली आणि दाबली. टक. छाती फुगवून जिजीकडं बघितलं. जिजी माझ्याकडं असं बघत होती, जसं मी तिचं घर पेटवलंय.

जिजीनं दोऱ्यातून काढलेली चावी मशीनच्या आतल्या फळीवरच राहिली होती.

"जिजी, चावी आपो," मुकेशभाई म्हणाला.

"नही शे," जिजी म्हणाली. नाहीये, हे अगदी खरं बोलली, पण त्याचा विश्वास कसला बसतोय! दोरा मोकळा दिसला, तसा तो भडकला. "लपवली! ए तेल, ड्रिल आण. कुलूप फोड."

मी ड्रिल आणलं. न आणून करतो काय? जिजी दाराला पाठ लावून उभी राहिली. "आधी मले भोक पाड," म्हणाली. घड्या घालायचं थांबलं. एक बाई उठली, मग सगळ्याच उठल्या आणि बोळात येऊन उभ्या राहिल्या. ती नंदुरबारची पोरगी सगळ्यात पुढं. बाहेर टेम्पो उभा. माल संध्याकाळच्या आत सुरतेतल्या पर्वत पाटिया भागात पोचवायचा होता.

"चालू कर ने!" मुकेशभाई माझ्यावर खेकसला.

सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या. मी ड्रिल खाली ठेवलं आणि मोठ्यानं सांगितलं, "हे कुलूप मला येत नाही. मला कुठलंच कुलूप येत नाही."

मागून एक बाई म्हणाली, "ते आम्हाला ठाऊक आहे, तू बाजूला हो."

शेवटी शेठ आला. एक नजर बायांवर टाकली, एक टेम्पोवर. "जिजी, रोज उघडायला लागतं कशाला, तेवढं सांगा."

"कसाले सांगू?" जिजी म्हणाली. "चावी माझ्या गळ्यात राहील. दार किती वेळ उघडं, ते कुणी विचारायचं नाही. मान्य असेल तर आम्ही घड्या घालतो."

दोन शब्दांत ती सगळं सांगू शकली असती. सांगितलं असतं तर त्या पोरीच्या सुजलेल्या ओठाची गोष्ट हॉलभर झाली असती. तिनं पाठ दारावरून हलवली नाही. शेठनं हात जोडले. कुलूपवाल्याला बोलावलं, त्यानं जुनं कुलूप कापून नवीन बसवलं, आणि नव्या चाव्या जिजीच्या दोऱ्यात गेल्या. मुकेशभाई आता बोळाकडं बघायचं असलं तर खोकून बघतो.

पुढं आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. आखाजीला आमच्याकडच्या लेकी माहेरी जातात. हॉल ओस पडला. राहिलो मी आणि जिजी. मी विचारलं, "तू नाही गेलीस माहेरी?" म्हणाली, "भाऊ होता तोवर माहेर होतं." आणि उठून गेली.

थोड्या वेळानं बोळातून पाकिटांचा आवाज आला. मशीनचं दार उघडं होतं. दाराखालून पाय दिसत होते, फक्त जिजीचेच. पाकिटं निघत होती, परत ठेवली जात होती, आणि मधूनच ती काहीतरी हळू पुटपुटत होती.

मी दाराजवळ गेलो, आवाज मऊ केला. "जिजी, मी आहे ना. माझ्याशी बोल. काय असेल ते सांग."

तिनं पदरानं डोळे पुसले, दाराआडून डोकं काढून मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुले सांगू? त्यापेक्षा गेटवरच्या भोंग्यातून सगळ्या कारखान्याले सांगेन. हो बाजूला."