कादंबरीचे वाटे

केवडेवाडीच्या सार्वजनिक वाचनालयात एखाद्या पुस्तकाचं पान दुमडलेलं सापडलं की ग्रंथपाल पूनम ज्या नजरेने बघायची, त्या नजरेने गावातल्या सासवासुद्धा सुनांकडे बघत नसत. 'पान दुमडणाऱ्यास आठवडाभर पुस्तक मिळणार नाही' अशी पाटी तिने स्वतःच्या हाताने रंगवून दारासमोरच्या भिंतीवर टांगली होती. आणि त्याच पाटीखाली बसून, एका भर दुपारी, ह्याच पूनमने ब्लेड घेतलं आणि एका कादंबरीचे चार तुकडे केले. का केले ते आधी ऐका, मग तिला काय नावं ठेवायची ती ठेवा.

दिवेआगरच्या अलीकडच्या ह्या गावात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाचक मंडळ भरतं. सगळ्यांनी महिनाभर एकच पुस्तक वाचायचं आणि रविवारी त्यावर बोलायचं. वाचनालयात प्रत्येक पुस्तकाची प्रत एक, आणि वाचणारी माणसं चार. मच्छीबाजाराला लागून राहणारी जहुराखाला, सुपारीच्या वाडीचा मालक गणराज, सहा आसनी रिक्षा चालवणारा तौहीद आणि अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या भागुबाई. एकाने आठवडाभर वाचायचं आणि पुढच्याला द्यायचं, असा रिवाज. त्यामुळे पुस्तक निवडताना लेखक कोण, विषय काय, असले फालतू प्रश्न कुणी विचारत नसे. दोन बोटांत धरून बघायचं. बारीक लागलं की पसंत.

पाचवे म्हणजे मंडळाचे आणि वाचनालयाचेही अध्यक्ष सदाभाऊ. ते वाचत नसत, ते अध्यक्षपद भूषवत. गावात त्यांचा होमस्टे होता आणि मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांशी बोलून बोलून त्यांची भाषा फार उंचावली होती. ह्या महिन्याचं पुस्तक त्यांनी स्वतः निवडलं. हेमलता टेंबे यांची 'वासंतीचं बंदर' ही कादंबरी, चारशेच्या वर पानं.

"किती दिवस चोपड्या वाचणार?" ते म्हणाले. "जरा भारदस्त वाचा! आणि पूनम, ह्या खेपेला जर कुणी न वाचता आलं, तर मंडळ बंद. मंडळच नाही तर ग्रंथपाल तरी कशाला? चाव्या माझ्याकडे आणून द्यायच्या."

पूनमने कमरेच्या चाव्या घट्ट धरल्या. पनवेलच्या कॉल सेंटरमध्ये अनोळखी माणसांच्या शिव्या खाण्याला कंटाळून ती गावी परतली होती. इथे शिव्या नव्हत्या, पुस्तकं होती, आणि दुपारी घरी जाऊन गरम भात जेवता येत होता. ह्या चाव्या तिला जिवापाड प्रिय होत्या.

पुस्तक पहिल्यांदा भागुबाईंकडे गेलं. त्या ते घेऊन म्हसळ्याला लेकीकडे गेल्या आणि तीन आठवड्यांनी उगवल्या.

"वाचलंत ना, मावशी?" पूनमने विचारलं.

"न्हाय गो. खराब होईल म्हणून पिशवीतनं काढलंच न्हाय."

रविवार आठवड्यावर आला होता. पूनम डोक्याला हात लावून बसली असताना जहुराखाला बाजारातून परतताना ओट्यावर टेकली. हातातल्या पिशवीतून माशाचं भलंमोठं डोकं डोकावत होतं.

"काय गो पोरी, तोंड असं सुकटीवानी का झालं?"

"खाला, पुस्तक एक, माणसं चार आणि आठवडा एक. वाचणार कसं?"

"ह्यात काय हाय? आज घोळ मासा आलेला बाजारात, हा एवढा! एका घराला जातोय काय तो? चौघींनी मिळून घेतला नि वाटे घातले. मला मुंडी आली. तू पन पुस्तकाचे वाटे घाल."

"खाला! पुस्तक आहे ते!"

"मग? घोळ काय कमी हाय?"

पूनम आधी चिडली, मग पाटीकडे पाठ करून बसली आणि तिने पेन्सिलीला टोक काढायचं ब्लेड उचललं. शिवणीचा दोरा कापला. चार वाटे झाले. संध्याकाळी चौघे जमले, तेव्हा ते वाटायचे कसे, ह्यावर वाद होऊ नये म्हणून बंदरावरची रीतच पाळली: एकाने पाठ फिरवायची आणि न बघता तो ज्याचं नाव घेईल त्याचा तो वाटा. तौहीद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पूनमने एका वाट्यावर हात ठेवून विचारलं, "हा कुणाचा?"

"खालाचा," तौहीद भिंतीला म्हणाला.

तो पहिला वाटा निघाला. "या अल्ला, माझ्या नशिबी मुंडीच!" खाला करवादली. मधले दोन गणराजला आणि तौहीदला गेले. शेपटी भागुबाईंना.

उरलं नुसतं कव्हर. सदाभाऊ जाता-येता कपाटावर नजर टाकत, म्हणून पूनमने त्या कव्हरात नारळ-सुपारीवरच्या एका जुन्या शेतकी मासिकाचे आठ-दहा अंक कोंबले आणि 'वासंतीचं बंदर' झोकात कपाटात उभं केलं.

पुढचे दिवस गावात काय गोंधळ झाला म्हणून सांगू! चौघेही वाचायला लागले, कारण वाटा लहान होता आणि शेजाऱ्याच्या वाट्यात काय आहे ते कळेना. खालाच्या वाट्यात वासंतीचा नवरा केशव गलबतावर निघून गेला आणि वाटा संपला. खाला तडक गणराजच्या वाडीत.

"केशव आला काय रे?"

"माझ्यात केशव न्हायच! माझ्यात एक मास्तर हाय. तो तिला लग्नाचं विचारतो."

"तौबा! नवरा जित्ता असताना?"

"मला काय ठावं तिला नवरा हाय ते!" गणराज हतबुद्ध झाला. "मी तर मास्तराच्या बाजूनं होतो!"

तौहीदची रिक्षा नाक्यावर भरून उभी राहायची आणि हा मागे बसून वाचायचा. पाशिंजर बोंब मारायचे. "थांबा हो, पानभर राहिलं," तो म्हणायचा.

पूनमला बरं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात शनिवारी सदाभाऊ हसत हसत वाचनालयात आले.

"पूनम, बातमी ऐक! हेमलता टेंबे माझ्या होमस्टेला उतरल्यात. साक्षात लेखिका! उद्या मंडळात येणार. मी सांगून ठेवलंय, गावातल्या प्रत्येकाने कादंबरी अथपासून इतिपर्यंत वाचलीय."

 पूनम काही बोलायच्या आत सदाभाऊंनी हात लांब करून कपाटातलं ते पुस्तक उचललं.

"भाऊ, ते नको! ते... त्याला वाळवी लागलीय."

"असू दे. आज चाळून ठेवतो. अध्यक्षाला दोन शब्द बोलावे लागतात," असं म्हणून ते पुस्तक काखोटीला मारून चालते झाले. पूनमने मनातल्या मनात बल्लाळेश्वराला नारळ बोलून टाकला.

रविवारी हेमलताबाई आल्या. साठीच्या, सुती साडीतल्या, अबोल बाई. एवढी माणसं आपल्या पुस्तकासाठी जमलीत ह्यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. सदाभाऊंनी हार घातला, गणराजने शहाळं दिलं, आणि चर्चा सुरू झाली.

"वासंतीचं चुकलंच," गणराज म्हणाला. "मास्तर सोन्यासारखा मानूस. त्याला हो म्हनायला पायजे होतं."

"अरे, पण केशव परत आला ना!" तौहीद ओरडला.

"कधी आला?"

"माझ्यात आला!"

"तुमच्यात म्हणजे?" हेमलताबाईंनी विचारलं.

"म्हणजे त्याच्या मनात हो, बाई," पूनम घाईघाईने म्हणाली आणि तौहीदच्या पायावर पाय दिला.

भागुबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "मेली वो ती शेवटाला! ती कुठली, कुनाची, मला काय पन ठावं न्हाय. पन मेली तवा दोन दिस माझ्या घशाखाली घास उतरला न्हाय."

हेमलताबाई आळीपाळीने सगळ्यांकडे बघत होत्या. त्यांना काही कळत नव्हतं, पण चेहरा हळूहळू खुलत होता. त्या सदाभाऊंकडे वळल्या. "आणि अध्यक्षांना काय आवडलं?"

सदाभाऊंनी घसा खाकरला. "मला विचाराल तर भुंग्याचा प्रसंग."

"भुंग्याचा?"

"गेंड्या भुंगा! माडाच्या कोवळ्या कोंबात शिरतो आणि आतून पोखरत जातो. वासंतीचं दुःख तुम्ही काय खुबीने मांडलंय! आणि त्यावर कोंबाच्या बेचक्यात वाळू भरायचा तो उपाय... मी तर झोपाळ्यावर थक्क होऊन बसलो."

"हे मी लिहिलंय?"

"असं काय करता? हे बघा की!" सदाभाऊंनी पिशवीतून पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं. "आणि उघडलंच आहे तर आमच्या प्रतीवर सहीसुद्धा करा."

हेमलताबाईंनी कव्हर उघडलं. पानभर काळाकुळकुळीत भुंगा आणि खाली फवारणीचं वेळापत्रक. 

पूनम उठली. कमरेच्या चाव्या तिने टेबलावर ठेवल्या.

"बाई, मी तुमचं पुस्तक कापलं. एकच प्रत होती आणि सगळ्यांनी वाचावं असं मला वाटत होतं. चार वाटे केले. सदाभाऊंना यातलं काही माहीत नव्हतं. ह्या चाव्या, भाऊ."

"कापलंस?" सदाभाऊ ताडकन उठले. "पुस्तक कापलंस? ग्रंथपाल असून?"

"ए सदा, बस खाली!" जहुराखाला गरजली. "वाटे मी सांगितले. चाव्या उचल गो पोरी." आणि तिने पिशवीतून आपला वाटा काढून टेबलावर आपटला. मागोमाग गणराजने काढला, तौहीदने काढला, भागुबाईंनी पदराखालून काढला. गणराजच्या पानांवर सुपारीचे डाग, तौहीदच्या पानांवर ऑइलचे अंगठे, भागुबाईंच्या पानांना हळद. आणि खालाच्या वाट्याची जवळजवळ सगळीच पानं कोपऱ्यात दुमडलेली.

पूनमचा जीव टांगणीला लागला होता, तरी तिच्याने राहवेना. "खाला! पानं दुमडलीत तुम्ही?"

हेमलताबाईंना हसू फुटलं. त्या हसत हसत रडायला लागल्या. कुणाला काय करावं सुचेना, गणराजने आणखी एक शहाळं पुढे केलं.

"किती वर्षं झाली हे पुस्तक येऊन," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्या सगळ्या नातेवाइकांकडे आहे. काचेच्या कपाटात, एकदम गुळगुळीत. कुणाच्या घरी गेले की मी हळूच उघडून बघते, पानं एकमेकांना चिकटलेली असतात. माझ्या पुस्तकाचं दुमडलेलं पान मी आज पहिल्यांदा बघतेय हो."

त्यांनी पेन मागितलं आणि चारही वाट्यांवर वेगवेगळी सही केली. मग सदाभाऊंकडे वळल्या. "फार सुंदर कल्पना. कुणाची ही?"

उभे असलेले सदाभाऊ सावकाश खाली बसले. "तशी मंडळाचीच. म्हणजे माझ्याच अध्यक्षतेखाली..."

"आणि तुमच्याकडे कुठला वाटा आला?"

"त्यांना कव्हर आलं," भागुबाई म्हणाल्या.

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. सदाभाऊसुद्धा हसले, दुसरं करणार काय? पूनमने चाव्या उचलून पुन्हा कमरेला खोचल्या. तिच्या जिवात जीव आला, आणि त्या दुपारी ती इतका भात जेवली की आई बघतच राहिली.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण हेमलताबाईंनी पुण्याला जाऊन प्रेमाने पाच अख्ख्या प्रती पाठवल्या. प्रत्येकाला एक, अगदी सदाभाऊंनाही. सगळ्यांनी निवांत, मुंडीपासून शेपटीपर्यंत वाचल्या. पुढच्या महिन्यात मंडळ भरलं.

"वाचलीत?" पूनमने विचारलं.

"वाचली."

"कशी आहे?"

"चांगली हाय."

"व्हय, चांगली हाय."

चहा उकळायच्या आत चर्चा संपली. कुणी भांडलं नाही, कुणी ओरडलं नाही, तौहीदने तर दोनदा जांभई दिली. सगळे उदास होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूनम कुलूप काढते तोच सदाभाऊ आले. काखेत एक नवी, विटेएवढी जाड कादंबरी. पाठोपाठ बाकीचे चौघेही. सदाभाऊंनी दार लोटून घेतलं, भिंतीवरच्या पाटीकडे चोरून बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पूनम, ब्लेड आहे ना तुझ्याकडे? ह्या खेपेला पाच वाटे घाल. आणि बघ हो, एक चांगलासा मला येऊ दे, मागच्या वेळी माझ्या नशिबी नुसता भुंगा आला."

एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.