येते हं

आमच्या ह्यांच्या रक्तात सध्या पहारेकरी आहेत. इतके बारीक, की मोहरीच्या एका दाण्यावर त्यांची अख्खी पंगत बसेल. मिरजेच्या डॉक्टर मगदुमांनी ते सुईतून आत सोडले. पोटातली गाठ काढून झाली होती, पण कॅन्सरची एखादी पेशी रक्तात मागे राहिली तर दुसरीकडे बिऱ्हाड थाटते, म्हणून हा बंदोबस्त.

मी मूळची संशयी. भाजी समोर तोलून घेतली तरी घरी आणून पुन्हा तोलते. त्यामुळे पहारा मला लगेच पटला. पहारेकरी प्रत्येक पेशीला थांबवून विचारतात, "आपण कुठल्या? कोणाकडे निघालात?" भलतीला उत्तर देता येत नाही. त्यांचा मुकादम दवाखान्यातल्या यंत्रातून वर्दी देतो.

परवा आम्ही वर्दी ऐकायला गेलो.

"यकृताजवळ एक संशयित पेशी सापडली," मुकादम म्हणाला. "औषध दाखवल्यावर निघून गेली. आता रस्ता मोकळा आहे."

डॉक्टरांनी ह्यांची पाठ थोपटली. मला चैन पडेना.

"जाताना काही बोलली का?" मी विचारलं.

"रीतसर निरोप घेतला. 'येते हं' म्हणाली."

"म्हणजे परत येणार ती!" मी खुर्चीवरून उठले.

"अहो वहिनी, बोलायची पद्धत आहे ती," डॉक्टर म्हणाले. "निघताना आपण कधी 'जातो' म्हणतो का?"

"आपण माणसं आहोत. तिनं कशाला पद्धत पाळायची? आणि वर ते 'हं' कशाला?" मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीबाहेर बघत होते.

"मी काय बोलावलं होतं काय तिला?" हे पुटपुटले.

शेवटी माझ्या हट्टापायी डॉक्टरांनी मुकादमाला हुकूम दिला. परत यायची भाषा जो करेल, मग तो कोणीही असो, त्याला जागीच अडवायचं. त्या रात्री मला जरा झोप लागली.

सकाळी हे आजारपणानंतर पहिल्यांदाच आपलं चष्म्याचं दुकान उघडायला निघाले. उंबऱ्यात चपला घातल्या, सवयीनं म्हणाले, "येतो गं," आणि तिथंच थिजले. एक पाय आत, एक बाहेर. गुडघ्याखाली रक्त सरकेना.

मी डॉक्टरांना स्पीकरवर फोन लावला.

"मुकादमानं त्यांनाच धरलंय," डॉक्टर चौकशी करून म्हणाले. "शब्द ह्याच रक्तातून आला म्हणतोय. हुकूम मागे घेऊ का?"

"घ्यायला सांग की," हे कळवळले. "पाय बधिर झालाय माझा."

हुकूम मागे घेतला की ती परत येणार. मला ते दिसतच होतं.

"नको," मी म्हणाले. "सुटायचं कसं, ते विचारा."

"जबाब बदलावा लागेल."

मी लग्न होऊन आले तेव्हापासून ह्या उंबऱ्यावर तो शब्द कोणी उच्चारलेला नाही. एकदाच काय तो गॅसवाल्याच्या तोंडून निसटला, तर मी त्याला घरात बोलावून चहा पाजला आणि नीट बोलायला लावून मगच सोडला. आता मला भीती वाटत होती, दोन्हीकडून.

"म्हणा," मी म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "जातो," म्हणाले.

पाय सुटले. हे जिना उतरून गेले.

आता रोज हे तसंच म्हणून दुकानात जातात. मी दार ओढून घेते आणि रक्तापर्यंत पोचणार नाही इतक्या हळू म्हणते, "या."