धानावरचा ब्रेक

मुलगी पाहायला आलेला पाहुणा दारातून येतो, अशी आपल्याकडे रीत. उमेंद्र धानावरून आला. बिरसीच्या डांबरी रस्त्यावर नंदलालने अर्धा रस्ता अडवून धान वाळत घातला होता. शेळी आडवी आली, उमेंद्रने ब्रेक दाबला आणि मोटारसायकल दाण्यांवरून जी निघाली, ती शेणखताच्या खड्ड्याच्या काठावरच टेकली. माणूस शाबूत राहिला, पँट गेली.

"काऊन गा, केवढ्या जोरानं येऊन रायला होता?" नंदलालच्या बायकोने, निर्मलाबाईने, पाण्याआधी प्रश्न दिला.

"तीसनं, काकी. काटा पाहूनच चालवतो मी."

"तीसनं एवढं घसरते? खोटं बोलनारा जावई मले नाई पायजे."

नंदलालने घाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. पोरगा देवरीला फिजिक्सचा मास्तर, घरचं शेत. असं स्थळ काय रोज धानात सापडतं?

इतक्यात त्यांची बीएस्सी झालेली मुलगी चेतना वही घेऊन बाहेर आली. धानातून चाकाचा लख्ख पट्टा गेला होता. तो तिने टेपने मोजला.

"साडेबावीस मीटर. मंदन पाच धरलं, तर वेगाचा वर्ग सव्वादोनशे. वेग सेकंदाला पंधरा मीटर. म्हणजे ताशी चोपन्न!"

"पाहा!" निर्मलाबाई म्हणाली.

आता मास्तर जागा झाला. "मॅडम, पाच कोरड्या डांबरावर. हे दाणे म्हणजे चाकाखाली छर्रे. दीड धरा. बरोबर तीस येते."

"दीड कुठून आणलं? उत्तरावरून मागं आले ना, सर?"

सरांचे कान लाल झाले.

"भांडन कायले करता?" नंदलाल पुढे झाला. "मी तीसनं जातो, तिथंच ब्रेक मारतो. तेवढाच घसरलो त पोरगा खरा. आन गाडी याचीच घेतो, मंग कोनी बोलाले नोको."

तो पार गावाबाहेरच्या विमानतळाच्या वळणापर्यंत गेला आणि फिरला. नजर काट्यावर खिळलेली. टोपी उडाली, डोळ्यांतून पाणी आलं, शिकाऊ विमान धावपट्टी सोडताना करतं तसा आवाज झाला; पण काटा तीसवर, म्हणून नंदलाल निश्चिंत. शेळीच्या जागी त्याने ब्रेक दाबला. उमेंद्रचा पट्टा संपला, नंदलाल संपेना. संपला तेव्हा तो कमरेपर्यंत शेणखतात होता.

"पायलं?" तो आतूनच ओरडला. "तीसनं माह्यी ही गत झाली. पोरगा खरा हाय!"

निर्मलाबाई त्याला ओढायला वाकली आणि थबकली. गाडी काठावर आडवी पडली होती, इंजिन बंद, चाकं थांबलेली. काटा तीसवर.

उमेंद्र जवळ आला. त्याने काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही.

"काकी," तो हळूच म्हणाला, "दिवाळीपासून मले वाटून रायलं होतं, का मी सुधारलो."

चेतना अशी हसली की वही धानात पडली. हसतच म्हणाली, "आई, मी चहा मांडते. सरांले साखर किती, विचार."

निर्मलाबाईने एकदा उमेंद्रकडे पाहिलं, एकदा खड्ड्यातल्या नवऱ्याकडे.

"खोटारडा नाई, भोळाच हाय," ती म्हणाली. "चालन. भोळ्यासंग कसं निभवाचं, ते पोरीनं घरातच पायलं हाय."