कारखानीसकाकांचं नामांकित हसू

"हा मी!"

टीव्हीकडे बोट रोखून कारखानीसकाका ओरडायचे आणि घरात आलेले पाहुणे डोळे फाडून पडद्यावर काकांना शोधायचे. पडद्यावर काका नसायचेच. तिथे एक सासू कणकेच्या डब्यात स्वतःचा चष्मा शोधत असायची. काका असायचे ते मागच्या हशात. विनोद झाला की प्रेक्षकांचा जो हशा ऐकू यायचा, त्यात थंडीत स्कूटर सुरू होताना अडखळते तसं एक हसू होतं, "हॅ, हॅ, हॅऽऽ हा!" ते आमच्या शेजाऱ्यांचं.

त्याचं असं झालेलं. 'बिऱ्हाड नंबर सात' ही विनोदी मालिका सुरू व्हायची होती, आणि हसायला माणसं हवी होती. आमच्या मानपाडा रोडवरच्या सोसायटीतलं कोणीतरी त्या स्टुडिओत कामाला होतं. झालं! सोसायटीची अख्खी बस शीळफाट्यावरून ठाण्याला गेली. मुलीची परीक्षा म्हणून मी तेवढी घरी राहिले, आणि ते मला अजून झोंबतं. स्टुडिओत म्हणे एक माणूस 'हसा' अशी पाटी वर करायचा, की सगळ्यांनी हसायचं. प्रत्येकाला एक बटाटेवडा आणि एक पेढा. त्या एका दिवशी जेवढं हसू निघालं, तेवढंच त्या लोकांनी पुढे प्रत्येक भागात फिरवून फिरवून वापरलं. आज उरलेली आमटी उद्या पुन्हा गरम करावी तसं.

काका रंगाच्या कारखान्यातून नुकतेच रिटायर झालेले. त्यांच्या टीव्हीचा आवाज खरखरायचा, म्हणून दर गुरुवारी साडेसातला ते आमच्याकडे. आधी इंदूकाकूही यायच्या. फार लाजऱ्या बाई. हसू आलं की पदर तोंडावर. पण मालिका सुरू होऊन चार भाग झाले नाहीत तोच त्या अचानक गेल्या. तेराव्यानंतरच्या गुरुवारी बेल वाजली. दारात काका! "लागली का गं आपली मालिका?" मी गपचूप खुर्ची पुढे केली. दुसरं काय करणार?

मग खुर्ची हळूहळू टीव्हीच्या स्पीकरला खेटून बसायला लागली. बोटही दर वेळी जरा आधीच वर जायचं. बोट आधी, हॅ हॅ हॅ नंतर. "टायमिंग बघ माणसाचं," आमचे हे म्हणायचे.

पुढे पुढे काकांनी कहर केला. कोणी विनोद सांगितला तरी हसायचे नाहीत. "घसा जपावा लागतो, सुनंदा. आपण आता रेकॉर्डवर आहोत." हे 'रेकॉर्डवर' त्यांचं पेटंट. दुधाच्या केंद्रावर पिशव्या संपल्या तर तिथल्या पोराला दम द्यायचे, "माझा आवाज रेकॉर्डवर आहे, सांगून ठेवतो!" तो बिचारा घाबरून स्वतःच्या घरची पिशवी द्यायचा. नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीच्या रांगेत त्यांनी पुढच्यामागच्यांना आपली कीर्ती ऐकवली. एकाने विचारलं, "कशावरून?" काकांनी तिथल्या तिथे हसून दाखवलं. चार माणसं दचकून बाजूला झाली आणि आमचं दर्शन लवकर झालं, एवढाच काय तो फायदा.

आणि अशात पेपरात आलं की मालिका बंद होणार.

काका पेपर घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "असं कसं बंद करतात गं? लोक हसतायत ना अजून?" चहा गार झाला तरी कप तसाच हातात. मला वाटलं, एवढं काय त्यात! पण दोनच दिवसांत पुन्हा बेल वाजली. आता काका दारातच नाचत होते. मालिकेला पुरस्कारांची तीन नामांकनं मिळाली होती! सर्वोत्कृष्ट विनोदी मालिका, सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून त्या चष्मेवाल्या सासूला, आणि सर्वोत्कृष्ट ध्वनी. खाली एक ओळ होती. प्रेक्षकांनी आपली पसंती पोस्टकार्डावर कळवावी; प्रेक्षकांच्या पसंतीला उतरलेल्या मालिकेचे तेरा भाग वाढवण्यात येतील.

"तेरा भाग, सुनंदा!" काका म्हणाले. "आणखी तेरा गुरुवार!"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारावरची पाटी बदलली. 'व. ग. कारखानीस', आणि खाली कंसात 'नामांकित'. पोस्टमनने विचारलंच, "साहेब, नाव बदललंत का?"

मग निघाली मोहीम. काका पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन घरोघर. तळमजल्यावरच्या कोळीणमावशींना लिहिता येत नव्हतं, तर त्यांचा अंगठा घेतला. "अरं कारखानीस, माज्या अंगठ्यानं तुजी शिरेल चालंल काय रं?" मावशी विचारायच्या. "चालेल नाही, मावशी, धावेल!" सोसायटीत कुजबुजही होती बरं का. बायकोला जाऊन वर्ष नाही झालं, आणि या माणसाला हसण्याचं बक्षीस हवंय! माझ्याही जिभेवर येऊन गेलं एकदा, खोटं कशाला बोलू?

काका समोर बसून मजकूर सांगायचे आणि आम्ही लिहायचो, "'बिऱ्हाड नंबर सात', सर्वोत्कृष्ट ध्वनी." हशा ध्वनीत मोडतो, म्हणजे आपण ध्वनीत, हा त्यांचा हिशेब. ज्याने त्याने आपल्या खात्याला मत द्यावं! आणि आम्ही तरी काय शहाणे? एवढी शिकलेली सोसायटी, कोणी पेपर पुन्हा उघडून बघितला नाही.

पुरस्कार सोहळा टीव्हीवर लागला तेव्हा आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. काका इस्त्रीचा सदरा घालून स्पीकरशेजारी. मालिकेतल्या सासूबाईंना काही मिळालं नाही. मग आलं ध्वनी. पाकीट फुटलं आणि नाव पुकारलं, "बिऱ्हाड नंबर सात!"

काय तो दंगा! मावशींनी काकांना कुंकू लावलं, कोणी पेढे आणायला धावलं, खाली कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. स्टेजवर एक बारीकसा मनुष्य पुरस्काराची बाहुली घेऊन म्हणाला, "आमच्यासाठी मनापासून हसलेल्या प्रेक्षकांचे आभार." सगळ्यांनी काकांकडे बघून टाळ्या वाजवल्या. काकांनी हात जोडले, आमच्या ह्यांच्याकडे वळले आणि विचारलं, "म्हणजे वाढले ना तेरा भाग?"

आमचे हे पेपर शोधून वाचायला लागले. प्रेक्षकांची मतं फक्त सर्वोत्कृष्ट मालिकेसाठी होती. ध्वनीचा पुरस्कार परीक्षकांनी त्यांच्या मनाने दिला होता. आमचा अख्खा गठ्ठा फुकट गेला. तेवढ्यात टीव्हीवर मालिकेचा पुरस्कार जाहीर झाला. दुसऱ्याच कोणाला.

काका हातात पेढा घेऊन तसेच बसून राहिले. "मग काय उपयोग याचा?" म्हणाले. पेढा टेबलावर ठेवला आणि घरी गेले.

मालिकेचा शेवटचा भाग लागला त्या गुरुवारी काका आलेच नाहीत. मी दोनदा बेल वाजवली, आतून नुसतं "बरं नाही" असं आलं. मला राहवेना. दिरांकडचा व्हीसीआर आणलेला होता, त्यावर भाग टेप केला आणि रविवारी सकाळी काकांना हाताला धरून आणलं. "बसा. तुमच्यासाठी रेकॉर्डवर ठेवलाय," मी म्हटलं. जरासे हसले.

टेप लागली. सासूने चुकून शेजाऱ्याच्या दारातली रांगोळी झाडली. बोट वर गेलं, मग हॅ, हॅ, हॅऽऽ हा! पण "हा मी" काही आलं नाही.

"मागे घे जरा," काका म्हणाले. घेतली. "अजून थोडी. माझं नकोय गं. माझ्या आधीचं."

मी टेप मागे घेऊन कान दिला. विनोद संपतो आणि हशा फुटतो, त्या दोहोंच्या मध्ये अगदी बारीक, मोकळं, चोरी पकडल्यासारखं एक हसू होतं. मग काकांचं. मग सगळ्यांचं. इतके गुरुवार मी ते ऐकलं होतं, आणि ऐकलं नव्हतं.

"पाटी वर व्हायच्या आधीच हसली ती," काका म्हणाले. "जन्मभर पदरात हसली. त्या दिवशी एका हातात तिचा वडा आणि दुसऱ्या हातात माझा. तोंडावर पदर घ्यायला हातच नव्हता. ते ऐकून मला हसू फुटलं. मी कुठला विनोदाला हसतोय! घरात तिचा फोटो आहे, पातळं आहेत. आवाज तेवढा इथेच आहे."

मी टेप पुन्हा मागे घेतली. काकांनी खुर्ची स्पीकरजवळ ओढली आणि बोट वर धरलं.

"आवाज वाढव जरा, सुनंदा," ते म्हणाले. "फार हळू हसते ती."