मोज्यांवरची मुलाखत

ओरेस्ट ह्नाट्यूकने विद्यापीठाच्या दारातल्या ट्रेमध्ये बर्फाने माखलेले बूट काढून ठेवले, आत घालायचे कोरडे बूट घेण्यासाठी पिशवी उघडली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पिशवीत पेरोगींचा, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्यांचा, डबा होता. त्याने घाईघाईने बायकोला फोन लावला.

"डार्लीन, माझे काळे बूट कुठायत?"

"माझ्या हातात! शेजारच्या आजीबाईंच्या दारात उभी आहे मी. त्या विचारतायत, हे उकडून खायचे की तळून?"

बारा वर्षं ओरेस्ट कॅनडातल्या विनिपेगमध्ये इतिहास शिकवत होता, पण हंगामी. दर सत्राला स्वतःच्याच वर्गासाठी नव्याने अर्ज करायचा आणि मिळेल ना, म्हणून जीव टांगणीला लावून बसायचं. आज पहिल्यांदाच कायमच्या जागेची मुलाखत होती. पण वितळत्या बर्फाचे बूट घेऊन स्वच्छ फरशीवर जाणं त्याच्या जिवावर आलं. तो मोज्यांवरच आत गेला. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता.

समितीच्या प्रमुख बेव्हर्लीबाईंनी अंगठा पाहिला, पाहिला नाही असं दाखवलं आणि गुपचूप आपले बूट काढले.

"अहो, तुम्ही कशाला?"

"छे छे, मला असंच बरं वाटतं."

मग प्राध्यापक पेनरनाही बूट काढावे लागले. भीड भिकेची बहीण म्हणतात. या गावात तिला घरच्या लेकीसारखं वाढवतात. आता तरी प्रश्न सुरू होतील असं ओरेस्टला वाटलं, तेवढ्यात कर्मचारी संघटनेच्या ग्लेनिसबाईंनी हात वर केला.

"थांबा. एकाला बुटांशिवाय प्रश्न विचारले, तर सगळ्यांनाच तसे विचारायला हवेत."

"असा नियम आहे?" पेनरनी विचारलं.

"बुटांचा नाही. पण उद्या कुणी तक्रार केली तर?"

तक्रारीचं नाव निघताच सगळ्यांच्या माना हलल्या आणि ग्लेनिसबाईंचेही बूट निघाले.

ओरेस्टची मुलाखत बेताचीच झाली. बाहेर टोरंटोची उमेदवार नव्या कोऱ्या सुटात, निमूटपणे बूट उतरवत होती. नंतर ती हसतच बाहेर आली. "झकास झाली!" ओरेस्टने तिचं मनापासून अभिनंदन केलं आणि तो पडल्या चेहऱ्याने घरी गेला.

दुसऱ्या दिवशी बेव्हर्लीबाईंचा फोन आला. "अभिनंदन, ओरेस्ट. जागा तुमची."

ओरेस्टचे डोळे भरून आले. बारा वर्षांचं सार्थक झालं. "माझं कुठलं उत्तर आवडलं?"

"खरं सांगू? टोरंटोची बाई तुमच्यापेक्षा सरस होती. पेनर तिच्यासाठी भांडायलाच बसला होता. पण दिवसभर त्या गार फरशीवर आमच्या पायांचे दगड झाले होते हो. शेवटी तो म्हणाला, 'यादीत पहिलं नाव कुणाचं? मग तोच!' आणि धावला बूट घालायला."

"सॉरी," ओरेस्ट म्हणाला.

"छे, सॉरी आम्हीच म्हणायला हवं."

"नाही नाही, चूक माझीच."

दोघांनी बराच वेळ एकमेकांची माफी मागितली. फोन ठेवल्यावर ओरेस्टच्या लक्षात आलं, रुजू कधी व्हायचं हे विचारायचंच राहिलं. पण पुन्हा फोन करून बाईंना त्रास कशाला द्यायचा? त्याने आपला पुढच्या सत्राचा हंगामी अर्ज भरून टाकला.