माशांच्या गुळण्या

मिठाच्या पाण्याने बरं होणार नाही असं दुखणं अजून जन्माला यायचंय, यावर दातांच्या डॉक्टरांचा ठाम विश्वास होता! दाढ सुजली, गुळण्या करा. घसा बसला, गुळण्या करा. एकदा तर पाय मुरगळलेल्या दूधवाल्यालाही ते सवयीने गुळण्याच सांगून बसले होते.

तेव्हा दवाखान्यातल्या काचेच्या टाकीतले सोनमासे जरा मलूल दिसू लागल्यावर काय करायचं, हा प्रश्नच नव्हता. मासे होते बायकोचे. ती माहेरी गेली होती आणि त्याच संध्याकाळी परतणार होती. निघताना बजावून गेली होती, "तुम्ही उपाशी राहिलात तरी चालेल, माझ्या माशांना काही झालं तर बघा!"

"ताई, मिठाची बरणी आणा," डॉक्टर रिसेप्शनवरच्या ताईंना म्हणाले.

"डॉक्टर, वहिनींना एकदा फोन करून..."

"अहो, समुद्रातले मासे जन्मभर मिठातच राहतात. त्यांना कधी दवाखान्यात बघितलंय?"

ताईंनी बरणी आणून दिली. डॉक्टरांनी अख्खी बरणी टाकीत रिकामी केली, पळीने पाणी ढवळलं आणि औषध शांतपणे मुरावं म्हणून बुडबुडे सोडणारा पंपही बंद करून टाकला. मग हात धुऊन ते पेशंटकडे वळले. पेशंट म्हणजे शाळेत रसायनशास्त्र शिकवणारे सर. त्यांची दाढ काढायची होती. भुलीचं इंजेक्शन देऊन, तोंडात कापसाचे बोळे कोंबून डॉक्टरांनी त्यांना बधिर व्हायला टाकीसमोर बसवलं.

थोड्या वेळाने ताई ओरडल्या, "डॉक्टर, मासे वर आलेत! सगळे तोंड उघडून बसलेत!"

डॉक्टरांनी येऊन पाहिलं. मासे पाण्याच्या अगदी वर ओळीने थांबलेले आणि एकजात 'आ' केलेला.

"बघा, कशा गुळण्या करतायत!" डॉक्टर समाधानाने म्हणाले.

"आं! आं आं!" सर खुर्चीतून ओरडले.

"दुखतंय? घाबरू नका हं." डॉक्टरांनी तत्परतेने दुसरं इंजेक्शन टोचलं. आता सरांचा निम्मा चेहरा त्यांचा राहिला नाही. त्यांनी टाकीकडे बोट दाखवलं, पंपाकडे दाखवलं, शेवटी माशासारखं तोंड उघडमीट करून दाखवलं.

"अजून एक देऊ का?" डॉक्टरांनी मायेने विचारलं.

एवढ्यात सगळ्यात गुबगुबीत मासा, बायकोचा अगदी लाडका, एका कुशीवर कलला. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. "ताई, ही येईल हो आता! मी हिला काय सांगू?"

सर ताडकन उठले. सांगून समजेना की करून दाखवायचं, ही त्यांची वर्गातली जुनी सवय. त्यांनी एका हाताने डॉक्टरांचं नाक चिमटीत पकडलं आणि दुसऱ्या हाताने तोंड गच्च दाबलं! डॉक्टरांनी हातपाय झाडले. त्यांचे डोळे बाहेर यायला लागले. सुटका होताच त्यांनी मान वर करून मोठ्ठा 'आ' केला, आणि समोरच्या काचेत त्यांना आपलं तोंड माशांच्या रांगेत दिसलं.

"श्वास!" ते किंचाळले. "अहो, यांना श्वास मिळत नाहीये!"

सरांनी पंप सुरू केला. डॉक्टर मगाने खारं पाणी उपसू लागले आणि वहिनींनी पाणी बदलण्यासाठी भरून ठेवलेल्या बादल्या ताई हळूहळू ओतू लागल्या. बऱ्याच वेळाने गुबगुबीत मासा सरळ झाला आणि शेपटी हलवत खाली गेला. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. त्या गडबडीत सर गाल धरून कधी घरी गेले, ते कुणाला कळलंच नाही.

संध्याकाळी बायको आली ती थेट टाकीपाशी. "अगंबाई, पाणी किती स्वच्छ! काय केलंत हो?"

"काही नाही गं. जरा जातीने लक्ष घातलं, इतकंच."

तेवढ्यात दार उघडून सर आत आले. भूल उतरली होती आणि दिवसभर बोलायचं तुंबलं होतं!

"डॉक्टर, पाण्यात मीठ विरघळलं की हवेला पूर्वीइतकी जागा उरत नाही. हवा बाहेर पडते. समुद्रातल्या माशांची घडणच निराळी, हे गोड्या पाण्यातले बिचारे कसे निभावणार? त्यात तुम्ही ओतलीत अख्खी बरणी! वर पंप बंद!"

बायकोने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी छताकडे पाहिलं.

"आणि हो," सर म्हणाले, "माझी दाढ अजून तोंडातच आहे. काढताय ना?"

दाढ निघाली. "आता घरी जाऊन मिठाच्या..." डॉक्टरांच्या तोंडून सवयीने निघालं, आणि बायकोची नजर दिसताच वाक्य तिथेच राहिलं.

रात्री जेवताना भाजी अगदी अळणी होती. डॉक्टरांनी मीठ मागितलं नाही.